थारच्या वाळूत गाड्यांचा ताफा नेताना : सहलीआधी ठरवायच्या गोष्टी

घोडबंदरकर

नमस्कार. डिसेंबरात ठाणे आणि नवी मुंबईतून फोर बाय फोर गाड्या घेऊन जैसलमेरला जाण्याचा जो बेत गेल्या बैठकीत ठरला, त्यासाठी आलेली नावे आता वीसच्या वर गेली आहेत. मुक्काम, जेवण आणि डिझेलचा हिशोब यांसाठी वेगळा धागा आहे. इथे मला एकाच विषयावर सर्वांची मते हवी आहेत : वाळूत उतरल्यावर आपण कसे वागणार आहोत?

माझे मत आधीच सांगून ठेवतो. वीस गाड्या एका वेळी वाळूत नेऊ नयेत. पाच, फार तर सहा गाड्यांची एक तुकडी असावी, प्रत्येक तुकडीबरोबर त्या भागातला वाटाड्या असावा, आणि ज्या वाटेवर आधीच चाकांचे माग आहेत त्या वाटेबाहेर कोणीही जाऊ नये. हे काहींना जाचक वाटेल याची मला कल्पना आहे, म्हणूनच कारणे सविस्तर मांडतो.

थार म्हणजे ओसाड वाळूचा समुद्र, ही समजूत आपण घरूनच घेऊन निघतो. प्रत्यक्षात जगातल्या वाळवंटांमध्ये सर्वाधिक दाट लोकवस्तीचे वाळवंट अशी थारची ओळख आहे. तिथल्या बऱ्याच टेकड्या धनुष्याकृती आहेत आणि त्यांच्या दोन्ही भुजा झुडपांच्या व गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या असतात. फोग, केर, सेवण गवत ही ती वनस्पतीसृष्टी. फोगाचे झुडूप वरून वाळक्या काटक्यांचा ढीग वाटते, पण त्याची मुळे वाळूत दूरवर पसरलेली असतात आणि टेकडी जागेवर राहते ती त्यांच्यामुळे. सरकत्या वाळूला आवर घालण्याचे काम जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजे काझरी, १९५९ पासून करत आली आहे. ज्या झुडपांसाठी एवढी वर्षे खपावे लागते त्यांवरून मौजेखातर चाक घालणे मला तरी मान्य नाही.

दुसरे कारण पक्ष्यांचे. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरचा मरु राष्ट्रीय उद्यानाचा प्रदेश आहे आणि पर्यटकांच्या आवडीच्या सम व खुरी या जागा त्याच्या अगदी लगत येतात. हा माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा आहे. देशात मोकळ्या निसर्गात हा पक्षी दीडशेच्या आसपासच उरला आहे. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरीही आज महाराष्ट्रात तो दिसणे दुरापास्त झाले आहे, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये. विणीचा मुख्य काळ उन्हाळा आणि पावसाळा असला, तरी हिवाळ्यात गाड्यांनी केलेली हुसकावणी त्याला परवडणारी नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय जाता येत नाही. हद्दीचा फलक दिसला नाही ही सबब कोणी पुढे करू नये. हद्दीचा नकाशा निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरवलेला असला पाहिजे.

कळवा गॅरेज

घोडबंदरकर दादांशी मी सहमत आहे आणि त्यात गाडीच्या बाजूने भर घालतो. गाडी नीट चालवणे आणि जमीन राखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे समजून आपण बोलतो. वाळूत त्या एकच आहेत, कारण जी गाडी रुतते तीच सर्वांत जास्त खणते.

मुख्य मुद्दा हवेचा आहे. आपल्याकडच्या फोर बाय फोर गाडीचे वजन माणसांसह साधारण दोन टन धरले, तर एका चाकावर ५०० किलो भार येतो. टायरमध्ये ३६ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो दाब, म्हणजे तो भार पेलायला ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकते. हवा १८ वर आणली की टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढतो. वाळूवर पडणारा दाब निम्मा झाला की चाक आत न घुसता वरून तरंगत जाते. म्हणून वाळू सुरू होण्याआधी सर्वांनी १८ ते २० पर्यंत हवा उतरवायची. त्याखाली फक्त रुतलेली गाडी काढण्यासाठी जायचे आणि १२ च्या खाली कधीच नाही, कारण तेव्हा वळण घेताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना जोरात वळायचे नाही, आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी कॉम्प्रेसरने ती पुन्हा भरून घ्यायची.

पावसाळ्यात कर्जत-मुरबाडकडे चिखलात जाणाऱ्यांना चाक फिरवत फिरवत गाडी बाहेर काढायची सवय लागलेली असते. वाळूत चाक जागच्या जागी फिरले की दोन-तीन सेकंदांत गाडी ॲक्सलवर बसते. तेव्हा ॲक्सिलरेटर लगेच सोडायचा, आपल्याच मागावरून सरळ मागे यायचे, आणि नाही आली तर उतरून खोऱ्याने चाकापुढची वाळू काढायची. थांबतानाही ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक लावला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि शक्यतो तोंड उताराकडे ठेवून उभी करावी.

टेकडी चढताना आणि उतरताना सरळ रेषेतच जायचे. आडवे गेल्यास खालच्या बाजूची चाके रुततात आणि गाडी लोळते. थारमध्ये वारा मुख्यत्वे नैर्ऋत्येकडून वाहत असल्याने त्या बाजूचा उतार साधारणपणे सौम्य असतो, तर पलीकडची, ईशान्येची बाजू ३२ ते ३४ अंशांपर्यंत कोसळती असते. माथ्यापलीकडे काय आहे हे माणसाने चालत जाऊन पाहिल्याशिवाय कोणीही माथा ओलांडायचा नाही. तिथे मेंढपाळ बसलेला असू शकतो. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना सावली पडत नाही, त्यामुळे कडेचा अंदाज डोळ्याला येत नाही. सकाळी वाळू थोडी दमट आणि घट्ट असते. तेवढ्यात चालवण्याचा भाग उरकावा हे उत्तम.

आणखी एक गोष्ट बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-मानकाच्या, डिझेल गाडीवाल्यांसाठी. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतले तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा वेळी वाळलेल्या सेवण गवतावर गाडी उभी केली, तर गवत पेटू शकते आणि गाडीही. थांबण्यासाठी उघडी वाळूच निवडा.

वाशीचा प्रवासी

तांत्रिक माहितीबद्दल कळवा गॅरेज यांचे आभार. मात्र मूळ मागणी मला थोडी टोकाची वाटते. वाळूतला माग रात्रीच्या वाऱ्याने पुसला जातो, सकाळी कोण गेले होते हेही कळत नाही. त्याच भागात रोज कितीतरी भाड्याच्या जीप पर्यटकांना घेऊन टेकड्यांवर फिरतात. वर्षातून एकदा जाणाऱ्या आपल्या वीस गाड्यांनी असा कोणता फरक पडणार आहे? शिवाय एवढ्या दुर्गम भागात जास्त गाड्या असणे हीच सुरक्षितता आहे, असे मी मानतो.

पाणथळ (सीवूड्स)

प्रवासी दादा, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. टेकडीचा उघडा, झुडपे नसलेला माथा खरोखरच वाऱ्याने रोज नव्याने घडतो आणि तिथे चाकाचा माग टिकत नाही. प्रश्न माथ्याचा नाहीच. प्रश्न दोन टेकड्यांमधल्या सपाटीचा आहे.

ताफा मोठा झाला की पुढची गाडी वर अडकते, मागच्या गाड्या कंटाळतात, कोणीतरी बाजूने वाट काढते आणि ती वाट नेहमी त्या कडक, सोप्या दिसणाऱ्या सपाटीतून जाते. या सपाटीवर मातीचा वरचा थर सूक्ष्मजीवांनी आणि शेवाळ्यांनी विणून धरलेला असतो. तो पापडासारखा असतो, एका चाकाने मोडतो आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षे लागतात. मोडला की खालची बारीक माती वाऱ्यावर जाते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४४ दरम्यान अमेरिकी सैन्याने मोहावी वाळवंटात रणगाड्यांचा सराव केला होता. त्या पट्ट्यांचे व्रण तिथल्या खडीच्या मैदानांवर आजही दिसतात.

याच सपाटीत सांडा राहतो, काटेरी शेपटीचा शाकाहारी सरडा. तो कडक जमिनीत बीळ खणतो आणि हिवाळ्यात बिळाचे तोंड आतून मातीने बंद करून झोपी जातो. म्हणजे तुम्ही डिसेंबरात जाल तेव्हा एकही भोक दिसणार नाही, जमीन अगदी मोकळी वाटेल आणि खाली वस्ती असेल. मरुभूमीतले शिकारी पक्षी, कोल्हे, सगळे कमीअधिक प्रमाणात या सांड्यावर जगतात. म्हणून जागा रिकामी दिसते आहे, हे तिथे गाडी घालण्याचे कारण होऊ शकत नाही.

रोजच्या जीपचे म्हणाल, तर त्या ठरलेल्या मोजक्या टेकड्यांवर फिरतात. तेवढी जागा तिथल्या लोकांनी पर्यटनाला दिली आहे असे समजू या. आपण तिथेच गाडी चालवावी, नवी टेकडी शोधू नये. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी आनंदाने लिहिले होते. रोहित पक्ष्यांच्या तलावाकाठी कोणी दुचाकी घातली तर आपण हटकतो. तोच नियम घरापासून हजार किलोमीटरवर लागू होतो.

खारघर ते शारजा

मी बरीच वर्षे आखातात नोकरी केली, आता खारघरला परतलो आहे. तिथे सुटीच्या दिवशी वाळवंटात जाणारे गट कसे चालतात ते सांगतो, कारण आपल्याला त्यातून बरेच घेता येईल.

तिथे सर्वांत पुढे अनुभवी मार्गदर्शक असतो, सर्वांत शेवटी तितकाच अनुभवी चालक असतो, आणि नवशिक्यांना या दोघांच्या मध्ये ठेवतात. प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा असतो, म्हणजे टेकडीमागून येणारी गाडी दिसण्याआधी झेंडा दिसतो. प्रत्येक चालकाने मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचे असते. मागची दिसेनाशी झाली की आपण थांबायचे, म्हणजे थांबण्याचा निरोप आपोआप पुढेपर्यंत पोहोचतो. एका टेकडीवर एका वेळी एकच गाडी. आधीची सुखरूप पलीकडे गेल्याचे रेडिओवर कळल्याशिवाय दुसरी निघत नाही. आता हिशोब करा : एका गाडीला पाच मिनिटे धरली तरी वीस गाड्यांना एका टेकडीसाठी शंभर मिनिटे लागतात. मोठ्या ताफ्यात शिस्त मोडते ती या ताटकळण्यामुळे. सुरक्षिततेसाठी गाड्या हव्यात हे खरे, पण त्यासाठी चार-पाच पुरतात. एक रुतली तर एक ओढायला, एक मदतीला आणि एक गरज पडल्यास बाहेर जाऊन माणसे आणायला.

ओढण्याबाबत फार काळजी घ्या. कारव्हॅन जोडण्याच्या गोळ्याला दोरी लावायची नाही, तो तुटला तर गोळीसारखा उडतो. गाडीच्या चासीला बोल्ट केलेले हुकच वापरायचे, ताणलेल्या पट्ट्यावर मध्ये एखादी जड सतरंजी टाकायची आणि माणसांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे राहायचे. त्याआधी मात्र ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या, आणि खोरे वापरून पाहा. पुष्कळ वेळा ओढण्याची गरजच पडत नाही. आणि चाकाखाली घालायला झुडपे तोडायची नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण घाबरलेला माणूस पहिला हात झुडपालाच घालतो.

तिकडचे गाफ म्हणून जे झाड आहे, जे अमिरातीने २००८ मध्ये राष्ट्रीय वृक्ष ठरवले, तेच राजस्थानातली खेजडी आणि तीच आपली शमी, जिची आपण दसऱ्याला पूजा करतो. उन्हात सावलीसाठी त्याच्याखाली गाडी लावण्याचा मोह होतो. लावू नये. बुंध्याभोवतीची माती चाकांनी दाबली गेली की झाडाच्या मुळांचा श्वास कोंडतो, शिवाय ती सावली गुरांची आणि गुराख्याची जागा असते.

कचऱ्याविषयी एकच सांगतो. दुबईतल्या पशुवैद्यकांनी मेलेल्या उंटांच्या पोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे आणि दोऱ्यांचे घट्ट गोळे काढले आहेत, एकेक गोळा कित्येक किलोंचा. उंटाला त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते आणि तो उपाशी मरतो. जैसलमेरकडेही उंट मोकळे चरतात. वेफर्सचे पाकीट, पाण्याच्या बाटलीचे झाकण, ओले टिश्यू, सगळे परत आणायचे. कोरड्या हवेत काहीच लवकर कुजत नाही, त्यामुळे पुरून टाकणे हा उपाय नाही.

कोपरीकर

चर्चा वाचून बरेच शिकायला मिळाले. एक शंका आहे. आमच्यापैकी काहींनी वाळूत कधीच गाडी चालवलेली नाही. एवढ्या लांब जाण्याआधी एखाद्या रविवारी दापोलीकडच्या किंवा अलिबागकडच्या किनाऱ्यावर सराव करून घेतला तर चालेल का?

पाणथळ (सीवूड्स)

कोपरीकर दादा, कृपया किनाऱ्यावर नको. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून त्यांच्या संरक्षणाचे काम चालू आहे, आणि आंजर्ले, हरिहरेश्वर अशा अनेक गावांतले लोक रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात. अंडी वाळूत फूट-दीड फूट खोल असतात. वरून गाडी गेली की वाळू दाबली जाते. अंड्यांतून सुमारे दीड ते दोन महिन्यांनी निघालेले पिल्लू जेमतेम दोन बोटे लांबीचे असते, ते चाकाच्या खोल मागात पडले तर समुद्राकडे न जाता त्या मागातच पुढे सरकत राहते आणि उन्हाने किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरते. सराव सुरू करण्याचा तुमचा हंगाम आणि त्यांचा हंगाम नेमका एकच आहे.

कळवा गॅरेज

शिवाय खाऱ्या पाण्याने चासी आणि ब्रेकच्या नळ्या सडतात, ते वेगळेच. सरावासाठी मी दुसरे सुचवतो. हवा उतरवणे, भरणे, जॅक सपाट लाकडी फळीवर लावणे, ओढण्याचा पट्टा आणि शॅकल (तो हुकला अडकवायची कडी) जोडणे हे सगळे कोणत्याही मोकळ्या खाजगी आवारात शिकता येते. प्रत्यक्ष वाळूचा अनुभव पहिल्या दिवशी तिथेच, वाटाड्याच्या गाडीमागे, सर्वांत लहान टेकडीवर घ्यावा.

येऊरची वाट

थारऐवजी कच्छचे छोटे रण जवळ पडेल, असे कोणी सुचवण्याआधीच लिहितो. ते रानगाढवांचे अभयारण्य आहे, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचे, आणि तिथेही परवाना लागतोच. रणाचा पृष्ठभाग वरून वाळलेला असला तरी खाली चिखल असतो. मिठागरांच्या ठरलेल्या वाटेबाहेर गेलेली गाडी दिवसभरात निघाली तर नशीब. नवख्या ताफ्याने तिकडे जाऊ नये.

रेडिओबद्दल : परवान्याशिवाय वापरता येतील असे ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकी-टॉकीच घ्या. बाजारात मिळतो तो प्रत्येक संच कायदेशीर असतोच असे नाही, आणि सीमेलगतच्या जिल्ह्यात हे प्रकरण अंगाशी येऊ शकते. उपग्रह फोन तर परवानगीशिवाय मुळीच नेऊ नका. पोखरणच्या लष्करी सरावक्षेत्राच्या आसपासही फिरकू नका.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. एक मुद्दा माझ्याकडून मांडायचा राहिला होता, तो तिथल्या शेतीचा. जैसलमेरच्या परिसरात पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी खडीन बांधले. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी अडवायला सखल भागात मातीचा लांब बांध घालतात, पाणी जमिनीत मुरते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेतात. डिसेंबरात हा भाग बाहेरून येणाऱ्याला मऊ, सपाट, गाडी पळवायला उत्तम असा दिसतो आणि बांध म्हणजे सहज चढून जाण्याजोगा उंचवटा वाटतो. बांधाला एके ठिकाणी चाकाने खाच पाडली तरी पुढच्या पावसात पाणी तिथूनच फोडून निघते आणि त्या कुटुंबाचे वर्षाचे पीक जाते. याच कारणासाठी गावातला वाटाड्या हवा, असा माझा आग्रह आहे. नकाशावर खडीन दिसत नाही, त्याला मात्र तो कोणाचा आहे हेही ठाऊक असते. ओरण म्हणजे तिथल्या देवराया, त्यांतही गाडी न्यायची नाही आणि तिथली काटकीही उचलायची नाही. स्वयंपाकाला गॅसची शेगडी न्यावी. शेकोटीसाठी फोगाची लाकडे विकायला आली तरी घेऊ नयेत, कारण मागणी आहे म्हणूनच तो मुळासकट उपटला जातो.

रात्री मोठ्याने गाणी लावणे आणि छतावरच्या दिव्यांच्या पट्ट्या पेटवून फिरणे यावरही मी पूर्ण बंदी सुचवतो. अंधार पडल्यावर गाड्या जागेवरून हलणार नाहीत.

वाशीचा प्रवासी

पाणथळताईंचा सपाटीचा मुद्दा आणि शंभर मिनिटांचा हिशोब, दोन्ही मला पटले. वीस गाड्या एकत्र नकोत, हे मान्य. मात्र नवीन टेकडी कधीच शोधायची नाही, यावर माझे मत अजून वेगळे आहे. वाटाड्याने स्वतः दाखवली आणि गावाची हरकत नसली, तर झुडपे नसलेल्या उघड्या टेकडीवर जायला काय हरकत आहे, याचा विचार व्हावा.

पाणथळ (सीवूड्स)

टेकडीपर्यंत पोहोचण्यासाठी सपाटी ओलांडावीच लागते, म्हणून मी विरोधात आहे. तिथपर्यंत बैलगाडी-ट्रॅक्टरची जुनी वाट असेल आणि सगळ्या गाड्या त्याच मागावर चाक ठेवून जाणार असतील, तर माझी हरकत नाही.

घोडबंदरकर

तर एवढ्यावर एकमत झालेले दिसते : पाच गाड्यांच्या चार तुकड्या, दोन तुकड्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दोन जानेवारीत. जुनी वाट असेल तरच नवी टेकडी, आणि तो निर्णय वाटाड्याचा. शेवटची गाडी चालवण्यासाठी मला चार अनुभवी चालक हवे आहेत. तयार असणाऱ्यांनी खाली लिहावे.

खारघर ते शारजा

पहिल्या तुकडीसाठी माझे नाव धरा. झेंड्यांच्या आठ काठ्या माझ्याकडे आहेत, बाकीच्या कळवा गॅरेज यांनी बनवून घेता येतील का?

कळवा गॅरेज

येतील. फायबरच्या काठ्या आणि छताच्या कॅरियरला बसणाऱ्या क्लॅम्पचे माप मला प्रत्येकाच्या गाडीच्या मॉडेलसह कळवा. त्याच दिवशी सर्वांच्या टायरचे व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेजही तपासून देतो, कारण दोन गेजमध्ये चार-चार पीएसआयचा फरक निघतो आणि १८ वर तेवढा फरक फार होतो.